चौकटीत मोर बसत नाही

जावयावर ओरडता येत नाही, ही केवढी मोठी गैरसोय आहे हे ज्याला जावई नाही त्याला कळायचं नाही. पोटचा मुलगा असता तर कान धरून बाहेर काढला असता. काजं-बटणं करायला ठेवलेल्या आमच्या काजवालीला तर मी दुकान उघडल्यापासून झापायला लागते ती बंद होईपर्यंत, आणि तिलाही त्याशिवाय करमत नाही. पण जावई दारात दिसले की माझ्या जिभेवर कुठून कोण जाणे साखर येऊन बसते. "या ना, बसा ना, उन्हातून आलात." राग मग सगळा पोटात. त्या शुक्रवारी माझ्या पोटात एवढा राग गेला की जेवायची गरजच उरली नाही.

माणूस वाईट नाहीत हो. सोन्यासारखे आहेत. लेकीला जपतात, मला आई म्हणतात, कम्प्युटरमधलं त्यांना सगळं येतं. खोड एकच. नीट चाललेली गोष्ट दिसली की हात लावल्याशिवाय राहवत नाही.

मी शिंपीण. रस्त्याला लागून पुढची खोली, तिथे दोन मशिनं, कापायचं लांब टेबल, भिंतीवर घड्याळ आणि कोपऱ्यात पडदा लावलेली ट्रायल रूम. रूम कसली, एक माणूस कोपर न आपटता वळेल एवढी जागा. मागच्या दारानं बाहेर पडलं की चौक, आणि चौकापलीकडे घड्याळवाल्यांचं दुकान. त्यांच्याबद्दल सांगायचंच आहे, पण आधी मोरांचं सांगते.

माझ्या दुकानात माप मोठ्यानं बोलत नाहीत. एक बाई टेप लावून उभी, बाकावर चार जणी बसलेल्या, आणि शिंपिणीनं "कंबर चाळीस!" अशी आरोळी ठोकायची? त्या बाईनं पुन्हा यायचं कशाला? माझी लेक लहान असताना शाळेतून थेट दुकानात यायची आणि मी सांगेन ते माप लिहून घ्यायची. ही युक्ती तिचीच. वीस म्हणजे ससा, तीस म्हणजे घोडा. चाळिशीला तिनं हत्ती ठेवला होता. एका बाईंनी तो ऐकला आणि कापड उचलून तरातरा चालत्या झाल्या, तेव्हापासून चाळिशीला मोर. वरचे आकडे रंगांचे. पांढरा म्हणजे शून्य, लाल म्हणजे दोन, निळा म्हणजे चार. बेचाळीस छाती म्हणजे लाल मोर. एखाद्याचा खांदा उतरता असेल तर ती घसरगुंडी. लेक मोठी झाली, लग्न होऊन गेली, पण मी अजून मोर आणि ससेच मोजते. काजवाली इतकी वर्षं शेजारी बसून काजं करतेय, तिलाही सगळे रंग ठाऊक नाहीत. ती भाषा बोलणाऱ्या जगात आम्ही दोघीच, मी आणि माझी लेक.

वेबसाइट जावयांनीच करून दिली. कपडा झाला का ते गिऱ्हाइकानं घरबसल्या बघायचं, आपलं माप तिथे ठेवायचं, परगावाहूनसुद्धा शिवायला टाकायचं. छान चालली होती. फक्त तिथे आकडे आकड्यांतच लिहावे लागतात. पहिल्या दिवशी मी "लाल मोर" लिहून बघितलं, तर खाली तांबड्या अक्षरांत काहीतरी खेकसून आलं.

"आई, चौकटीत मोर बसत नाही," जावई म्हणाले. "पण काळजी करू नका, पासवर्ड आहे ना. आपला पडदाच समजा."

दुखणं त्या पासवर्डचंच होतं. लोक विसरायचे, आणि विसरले की फोन मला. "ताई, माझा पासवर्ड काय होता हो?" अगं बाई, तुझा पासवर्ड मला माहीत असता तर तो पासवर्ड कसला? समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तर हद्द करायच्या. जगातल्या औषधांची नावं तोंडपाठ, पण पासवर्ड सकाळी केला की दुपारी गेला. मी हातातली सुई ठेवायची, त्यांना नवीन करून द्यायची, पुन्हा सुई शोधायची. एकदा जेवताना मी जावयांसमोर याबद्दल कुरकुर केली. तिथेच सगळं चुकलं. त्यांचे डोळे लकाकले.

"तुम्ही ते माझ्यावर सोडा, आई," ते म्हणाले.

आता घड्याळवाल्यांचं. मी आणि ते लग्न करणार होतो. आम्हा दोघांखेरीज ही गोष्ट कोणालाही माहीत नव्हती.

माझ्या नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली. घड्याळवाले पहिल्यापासून एकटेच. माझ्या दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ वरचेवर बंद पडायला लागलं आणि ते दुरुस्तीला यायला लागले. यायचे, डाव्या डोळ्याला भिंग लावायचे, झाकण उघडून बघायचे, चहा प्यायचे, जायचे. आठवडा झाला की घड्याळ पुन्हा बंद. खरं सांगू का? मीच बंद करायची. शेवटी एक दिवस त्यांनी भिंग काढलं आणि म्हणाले, "या घड्याळाला काही झालेलं नाही." मी म्हटलं, "मला माहीत आहे." ते म्हणाले, "मलाही. पहिल्या वेळेपासून." झालं, एवढंच बोलणं. दुसऱ्यानं ऐकलं असतं तर त्याला त्यात काही सापडलं नसतं. मी मात्र त्या दिवशी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

अडचणी दोन होत्या. एक बारीक. इतकी वर्षं ते मला सगळ्यांसारखं "ताई" म्हणत आलेले. आता ताई म्हणता येईना आणि दुसरं काही सुचेना. तेव्हापासून ते मला काहीच म्हणत नाहीत, समोर येऊन नुसते खाकरतात. दुसरी अडचण म्हणजे माझी लेक.

मागे तिच्या मैत्रिणीच्या आईनं पन्नाशीनंतर लग्न केलं. तेव्हा लेक माझ्यासमोर बसून पोट धरून हसली होती. "या वयात, आई! कल्पना कर!" वाईट मनानं नाही हसली, पण ते हसणं माझ्या कानात बसलं ते बसलंच. ती रागावली तर मी दुप्पट रागावेन, रडली तर जवळ घेईन. हसली तर काय करायचं? ते मला माहीत नव्हतं. तिनं हसू नये, एवढंच मला हवं होतं. ती कामासाठी दुसऱ्या गावी गेली होती आणि रविवारी येणार होती. रविवारी तिला समोर बसवायचं आणि माझ्या तोंडानं, माझ्या शब्दांत सांगायचं, असं मी ठरवलं होतं. वाक्यंसुद्धा मनातल्या मनात शिवून ठेवली होती. तोवर कोणाला पत्ता लागू द्यायचा नव्हता.

सूट मात्र कापायला घेतला होता. आणि माझी शिस्त अशी की जे शिवायचं ते साइटवर चढवायचं, मग घरचं का असेना. घड्याळवाल्यांकडे मोबाइल नाही. सगळ्या गल्लीची वेळ त्यांच्या हातात, पण खिशात मोबाइल नाही. साइट नंबराशिवाय पुढे सरकेना, म्हणून मी माझाच नंबर टाकला. नावाच्या जागी काय लिहू? एक टिंब दिलं. प्रसंग निवडा म्हणाली. लग्न. कपडा कोणाचा? वधू, नवरदेव की पाहुणे? आता खोटं कशाला लिहायचं? नवरदेव. छाती बेचाळीस, कंबर चाळीस, बाही चोवीस. लिहिताना जरा लाजल्यासारखं झालं, पण म्हटलं, बघतंय कोण?

त्या शुक्रवारी दुपारी घड्याळवाले मागच्या दारानं ट्रायलला आले. कोट कच्च्या धावदोऱ्यानं जोडलेला होता, एक बाही पक्की, दुसरी नुसती टाचलेली. मी कोट त्यांच्या हातात देऊन त्यांना पडद्याआड पाठवलं आणि तेवढ्यात पुढच्या दारातून जावई आत. काखेत लॅपटॉप, चेहरा असा की परीक्षेत पहिला नंबर आलाय.

"आई, झालं!"

"काय झालं?"

"बटण! पासवर्डची कटकट संपली. सोशल मीडियावर खातं प्रत्येकाचं असतंच. आपल्या साइटवर हे एक बटण दाबायचं, की त्याच खात्यानं थेट आत. उद्यापासून सगळ्या गिऱ्हाइकांना देऊन टाकू. पहिला मान तुमचा."

पडद्यामागची हालचाल थांबली. जावयांनी तिकडे बघितलं.

"गिऱ्हाईक आहे," मी म्हटलं. "घाईतलं नाही."

त्यांनी माझ्या मोबाइलवर साइट उघडून दिली. बटण खरंच देखणं होतं. दाबलं, तर एक पाटी आली. ही साइट तुमच्याबद्दल पुढील गोष्टी मागत आहे, असं म्हणे. नाव, फोटो, फोन नंबर, वाढदिवस, मित्रमंडळींची यादी. आणि सगळ्यात खाली, तुमच्या वतीनं लिहिण्याची परवानगी.

"अहो, ब्लाउज झाला का ते बघायला वाढदिवस कशाला लागतो?"

"लागत नाही. पण मागता येत होता, म्हणून मागून ठेवला. पुढेमागे शुभेच्छा पाठवता येतील."

"आणि मैत्रिणींची यादी?"

"त्यांना कळेल ना, तुम्ही इथे शिवता ते. धंदा वाढेल."

"आणि माझ्या वतीनं लिहिणार कोण? मी अजून धडधाकट आहे."

जावई हसले. हसले की फार गोड दिसतात, तिथेच माझा घात होतो. "सगळेच देतात हो, आई. ते कोणी वाचतसुद्धा नाही. आणि लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला?"

इथे मात्र जिभेवरची साखर जरा विरघळली. "तो कोपऱ्यातला पडदा बघितलात? आत काय चोर बसलाय म्हणून लावलाय?"

पडद्यामागे कोणीतरी खाकरलं.

"तसं नाही म्हणायचं मला..."

"आत जो आहे तो काही वाईट करत नाहीये. कोट घालून बघतोय. पण अर्ध्या कोटातला माणूस रस्त्याला दाखवायचा नसतो. कोट पुरा झाला की तो आपला आपण बाहेर येतो, आरशासमोर उभा राहतो, चार जणांना विचारतो कसा दिसतोय म्हणून. कधी बाहेर यायचं ते त्यानं ठरवायचं. शिंपिणीनं पडदा ओढायचा नाही, आणि शिंपिणीच्या जावयानंही नाही."

"अगदी बरोबर आहे तुमचं," जावई म्हणाले, म्हणजे ऐकलं नव्हतं. "आत्ता फक्त दाबून बघा. चालतंय असं दिसलं की यातलं काय काय कमी करायचं ते सांगा."

काजवाली चहा घेऊन उभी, चहावर साय धरायला लागलेली, आणि समोर तो आशेनं बघणारा चेहरा. मुलगा असता तर "चल नीघ" म्हटलं असतं. जावई पडले. दाबलं.

आधी माझा फोटो आला, लेकीच्या लग्नातला, जरा बरा दिसणारा. शेजारी "स्वागत आहे". आणि त्याच्या खाली, माझ्या हसऱ्या चेहऱ्याच्या अगदी खाली, छाती बेचाळीस, कंबर चाळीस.

"हे कुठून आलं?" जावई स्वतःशीच पुटपुटले आणि लॅपटॉपमध्ये शिरले. "अच्छा. ज्या खात्याला तुमचा नंबर होता ते त्यानं तुमचं समजून जोडून घेतलं. नावाच्या जागी नुसतं टिंब होतं. प्रोग्रॅमला वाटलं नाव लिहायचं राहिलंय, म्हणून तुमचं घातलं. हुशार आहे तसा."

त्या हुशारीबद्दल मी काही बोलायच्या आत माझा मोबाइल किणकिणला. मग पुन्हा. मग थांबेचना. काजवालीनं आपला काढून बघितला, आणि तिला मोबाइल घेऊन दिल्याचा मला मनापासून पश्चात्ताप झाला.

"ताई," ती म्हणाली, आणि रस्त्यावरचे थांबतील अशा आवाजात वाचायला लागली, "'आनंदाची बातमी! मी नवरदेवाचा सूट शिवायला टाकला! छाती बेचाळीस, कंबर चाळीस, बाही चोवीस. तुम्हीही आजच आपलं माप द्या!' खाली तुमचा फोटो आहे. आणि भोवतीनं फुगे."

"अहो, हे काय?" मी जावयांना म्हटलं. "अहो" तेवढं तोंडातून निघालं, पुढचं गिळलं.

जावई पांढरेफटक. "तुमच्या वतीनं लिहायची परवानगी होती ना, त्यासाठी एक नमुना करून ठेवला होता. त्यात 'तपशील' टाकला होता. मला वाटलं, तपशील म्हणजे कापडाचा रंगबिंग येईल."

माझी पहिली तिडीक कशाची होती ते सांगू? कंबर चाळीस! माझ्या फोटोखाली! जन्मभर दुसऱ्याचा आकडा ओठाबाहेर काढला नाही, आणि माझा म्हणून जो गावभर गेला तो माझा नव्हताच. लग्नाचं नंतर आठवलं.

डॉक्टरीणबाई रस्ता ओलांडून आल्याच. "ताई, चाळीस? दिसत नाही हो तुमच्याकडे बघून. एकदा येऊन जा, तपासू. आणि नवरदेव कोण?"

"चूक आहे, कम्प्युटरची चूक," जावई घाईघाईनं म्हणाले. "ते नवीन बटण आहे ना, त्यामुळे झालं."

"अस्सं होय." त्या हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. "म्हणजे माझं माप पण असंच गेलं असतं?"

"उद्या," मी म्हटलं. "तुम्ही दाबलं असतंत की लगेच."

त्या बाकावर बसूनच राहिल्या. त्यांच्या कपड्यांत मी काय वेगळं करते ते फक्त त्यांना आणि मला ठाऊक आहे, आणि तुम्हालाही मी ते सांगणार नाही. मला त्यांच्याकडे बघवेना. ज्या पडद्याच्या जिवावर मी इतकी वर्षं दुकान चालवलं तो मी चहा निवतोय म्हणून ओढायला निघाले होते.

"ते बटण काढायचं," मी जावयांना म्हटलं.

"काढतो, आई. आधी ती पोस्ट काढतो."

तेवढ्यात फोन वाजला आणि स्क्रीनवर लेकीचं नाव आलं. मी तो वाजू दिला. मला मदत करायची म्हणून जावयांनीच उचलून "हॅलो" म्हटलं, आणि एक हात आणि डोळे लॅपटॉपवर हवेत म्हणून स्पीकरवर टाकला.

"आईनं हे काय टाकलंय?" लेकीचा आवाज दुकानभर झाला. "नवरदेवाचा सूट? कोण नवरदेव?"

"अगं, चूक आहे," जावई म्हणाले. "माझीच. सॉफ्टवेअरनं भलत्याचंच खातं आईंना जोडलं."

पलीकडून ते हसणं आलं. तेच, पोट धरून. "वाटलंच मला! म्हटलं, आई आणि लग्न! अरे, इथे सगळ्या विचारतायत, मला काय उत्तर द्यावं कळेना. आई गं, पोट दुखायला लागलं माझं!"

जावईही सुटल्यासारखे हसले. काजवाली हसली. डॉक्टरीणबाईंनासुद्धा जरा हसू फुटलं.

आणि मला काय वाटलं? सुटले, असं वाटलं. एवढी मोठी सोय आयती चालून आलेली. चूक म्हटलं की विषय मिटला. रविवारपर्यंत वेळ मिळत होता, आणि रविवारी धीर झाला नसता तर पुढेही हवा तेवढा. मी तोंड उघडलं आणि म्हटलंसुद्धा, "हो ना! काय तरी बाई ही यंत्रं!"

तेव्हा पडद्याच्या कड्या वाजल्या. पडद्याबाहेर भिंतीला एक खुंटी आहे, तिला हँगर असतो. आतून एक हात बाहेर आला आणि हँगर घेऊन गेला. थोड्या वेळानं तोच हात पुन्हा आला आणि त्यानं कोट खुंटीला अडकवला. खांदे बसवून, कॉलर नीट करून, टाचलेली बाही ताणू नये म्हणून वर दुमडून. मग हात आत गेला.

ते मला काही म्हणतच नाहीत. पण पुरा न झालेला कोट कोणी काढून असा नीट अडकवला, की त्याला तो आता नको आहे, एवढं मला कळतं. मघाशी मीच पडद्याबद्दल एवढं भाषण ठोकलं होतं. माणूस आत उभा राहून माझ्याच तोंडून ऐकत होता की तो यंत्राची चूक आहे. मला माझीच इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं.

मी जावयांच्या हातातून मोबाइल ओढून घेतला. ओढून! जावयाच्या हातातून! स्पीकर कसा बंद करतात ते मला येत नाही, म्हणून मोबाइल कानावर गच्च दाबला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"ऐक," मी म्हटलं. "लिहून घे."

"काय लिहून घे?" ती अजून हसतच होती.

"लाल मोर."

हसणं थांबलं.

"पांढरा मोर," मी म्हटलं. "निळा ससा. आणि डावीकडे घसरगुंडी."

धक्क्यानं आईंच्या डोक्यावर परिणाम झाला, असं जावयांना वाटलं असणार. डॉक्टरीणबाई तर उठून माझी नाडी बघायला लागल्या. मी हात सोडवून घेतला.

मोर आणि ससा लेकीनं पोस्टमध्ये आकड्यांत वाचलेच होते. घसरगुंडी पोस्टमध्ये नव्हती. साइटवर तिला चौकटच नाही. लहानपणी दुकानात कंटाळली की माझी लेक चौकापलीकडे पळायची, तिथल्या स्टुलावर बसून उघड्या घड्याळांत डोकं घालायची. डाव्या डोळ्याला भिंग लावून वाकता वाकता कोणाचा डावा खांदा उतरलाय, हे तिला मी सांगायला नको होतं.

"आई," ती अगदी हळू म्हणाली. "चूक नाहीये?"

"नाहीये."

"काका?"

"हं."

मी वाट बघत राहिले. कशाची ते तुम्हाला माहीत आहे. हसू आलं नाही.

"मला कधी सांगणार होतीस?"

"रविवारी. तू आलीस की, समोर बसवून. वाक्यं करून ठेवली होती गं मी."

"मग मी रविवारीच ऐकणार," ती म्हणाली. "आत्ता मला काही माहीत नाही. ती वाक्यं तशीच ठेव, एकही उसवू नकोस." मग जरा थांबून म्हणाली, "मघाशी मी हसले, आई. मला वाटलं, यंत्राला हसतेय." तिचा आवाज ओला झाला होता.

"बरं," एवढंच म्हटलं.

"आणि आई, निळा ससा कमी पडेल. अर्धा इंच वाढव. दिवसभर हात पुढे टेकून बसतात ना, मनगट उघडं पडेल."

फोन ठेवला. मागे वळले तर सगळे माझ्याकडे बघत होते.

"काय म्हणाली?" जावयांनी भीत भीत विचारलं.

"काही नाही. एक माप विचारायचं होतं तिला." साखर परत आली होती, आणि या खेपेला ती खरी होती. "तुम्ही चहा घ्या, गार झाला असेल तर दुसरा करते. आणि ते बटण काढून टाका. लोक पासवर्ड विसरले तर विसरू देत. फोन उचलायला मी आहे."

"पोस्ट काढली," ते म्हणाले आणि मान खाली घालून बटणाच्या मागे लागले. काजवालीनं तोंड उघडलं, मी नुसतं बघितलं, तिनं मिटलं. डॉक्टरीणबाई आपल्या दवाखान्यात गेल्या.

मी खुंटीवरचा कोट काढला आणि पडद्याला अगदी चिकटून उभी राहिले.

"हात बाहेर द्या," मी कुजबुजले. "बाही वाढवायची आहे."

मग आतून आवाज आला. खाकरणं नाही, सरळ शब्दच, पण अगदी दबके. "कोण म्हणतं?"

"लेक म्हणते. अर्धा इंच."

पडद्यातून हात बाहेर आला. मी टेप लावली, आकडा ओठांतल्या ओठांत म्हटला आणि खाली बसून बाही उसवायला घेतली.